अर्धा किलो, अर्धे कलिंगड: हेगच्या बाजारात डच शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण नेदरलँड्समधील हेग शहरात राहणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीचे आहे. वय छत्तीस, बालपण आणि शिक्षण रत्नागिरीत, वाणिज्य शाखेची पदवी आणि पुण्यात काही वर्षे हिशेबनीसाचे काम, असा त्यांचा पूर्वेतिहास. पतीच्या नोकरीमुळे त्या हेगला आल्या. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या नागरी एकात्मता कायद्याने भाषेची अपेक्षित पातळी ए-२ (प्राथमिक) वरून बी-१ (मध्यम) वर नेली असली, तरी नोकरीच्या परवान्यावर तात्पुरते आलेल्या कुशल कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना त्या परीक्षेचे बंधन नसते. त्यामुळे डच शिकण्याची सक्ती त्यांच्यावर कोणीही केली नव्हती. सार्वजनिक ग्रंथालयातील भाषासंवादाच्या बैठकीत मी स्वयंसेवक म्हणून बसतो, तेथे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आपले उद्दिष्ट एका वाक्यात सांगितले: शनिवारचा बाजार इंग्रजीचा आधार न घेता करता आला पाहिजे. शिकणाऱ्याकडून इतके नेमके उद्दिष्ट मी क्वचितच ऐकले आहे, आणि म्हणूनच या प्रकरणाची सविस्तर नोंद ठेवावी असे मला वाटले.

त्या कोऱ्या पाटीच्या विद्यार्थिनी नव्हत्या. फोनवरील ॲपच्या साहाय्याने त्यांनी फळे, भाज्या, मासे आणि दुग्धजन्य पदार्थ यांची लांबलचक यादी पाठ केली होती. टोमॅटो म्हणजे तोमात, कांदा म्हणजे आउय, गाजर म्हणजे वॉर्तल, चीज म्हणजे कास, मासा म्हणजे व्हिस, हे शब्द त्या न अडखळता म्हणत. तरीही बाजारात त्यांचे दुसरे वाक्य इंग्रजीत होत असे, कारण पहिल्या वाक्यानंतर विक्रेताच इंग्रजीवर येत असे. शब्द येत असूनही संभाषण का होत नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

(लेखनाबद्दल एक सूचना. डच शब्द येथे उच्चाराच्या जवळ जाईल अशा रीतीने देवनागरीत लिहिले आहेत. शब्दाच्या शेवटी येणारा अस्पष्ट ‘अ’ दाखवण्यासाठी ऽ हे चिन्ह वापरले आहे. हा ‘अ’ पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.)

चीजच्या गाड्यावरील घटना

पहिल्या बैठकीत त्यांनी जी घटना सांगितली, तिच्यात पुढच्या सगळ्या निदानाची बीजे होती. एका आठवडी बाजारात त्या चीजच्या गाड्यासमोर उभ्या राहिल्या. वर्षभर मुरलेले जुने चीज चवीपुरते घ्यावे, आवडले तर पुढच्या वेळी अधिक घ्यावे, असा त्यांचा विचार होता. फलकावरील ‘ऑन्स’ हा शब्द त्यांनी पूर्वी इंग्रजीतून शिकलेल्या औंसाशी जोडला होता. इंग्रजी औंस सुमारे २८ ग्रॅमचा, म्हणजे तीन औंस शंभर ग्रॅमच्याही आतच, असा हिशेब करून त्यांनी ‘द्री ऑन्स’ मागितले. विक्रेत्याने वडीवर तार ठेवली, तुकडा कापला, तराजूवर टाकला आणि विचारले, ‘माख हेत अन ऑन्शऽ मेर झेइन?’ प्रश्नाचा अर्थ न कळल्याने त्यांनी ‘या’, म्हणजे होय, असे उत्तर दिले. घरी येऊन पुडके उघडले तेव्हा त्यात जवळपास चारशे ग्रॅम चीज होते.

विक्रेत्याने कोणतीही लबाडी केलेली नव्हती. डच भाषेत ऑन्स म्हणजे नेमके १०० ग्रॅम आणि पॉन्त म्हणजे ५०० ग्रॅम. दशमान पद्धत लोकांच्या अंगवळणी पडावी म्हणून १८२० मध्ये, पहिल्या विल्यम राजाच्या काळात, नव्या मापांना जुनीच नावे देण्यात आली. तेव्हा पॉन्त हा शब्द एक किलोसाठी आणि ऑन्स हा शब्द शंभर ग्रॅमसाठी योजला होता. पुढे लोकव्यवहारात पॉन्त अर्ध्या किलोवर स्थिरावला आणि ऑन्स शंभर ग्रॅमवरच राहिला. ही मापे आज कायदेशीर नाहीत, पण गाड्यावर आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी ती रोजची आहेत. विक्रेत्याचा प्रश्नही वजन-काट्यामागचा नेहमीचा प्रश्न होता: ‘एखादा ऑन्स जास्त झाला तर चालेल ना?’ मंडईत ‘थोडं वर गेलंय, राहू दे ना?’ असे विचारतात, त्याचाच हा डच अवतार होय. तेथे ‘नको, तेवढेच द्या’ असे म्हणण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार असतो, आणि हे विद्यार्थिनीला रत्नागिरीच्या बाजारात लहानपणापासून ठाऊक होते. फक्त प्रश्न ओळखता आला नाही.

निदान: मधला पूल

या घटनेवर बोलताना माझ्या लक्षात आले की त्यांच्या चुका डच भाषेच्या अवघडपणातून आलेल्या नव्हत्या. त्या मराठीत विचार करीत होत्या, त्याचे मनात इंग्रजी करीत होत्या आणि त्या इंग्रजीचे डच करीत होत्या. ॲपही प्रत्येक डच शब्दाचा अर्थ इंग्रजीतच देत होते. हा मधला पूल त्यांना वारंवार भलत्याच काठावर नेऊन सोडत होता.

‘एक किलो टोमॅटो’ या साध्या शब्दसमूहाचे उदाहरण घेऊ. इंग्रजीत किलो आणि टोमॅटो यांच्यामध्ये एक संबंधदर्शक शब्द लागतो, म्हणून त्या डचमध्येही मध्ये ‘व्हान’ घालून ‘अन किलो व्हान तोमातन’ म्हणत. डचमध्ये मात्र मराठीप्रमाणेच मध्ये काहीही लागत नाही: ‘अन किलो तोमातन’. आणखी पुढे जाऊन पाहिले तर मराठीत आपण ‘दोन किलो’ म्हणतो, पण ‘दोन जुड्या’ म्हणतो. वजनाचे माप एकवचनीच राहते आणि जुडीचे अनेकवचन होते. डचमध्ये हुबेहूब हेच घडते. ‘त्वे किलो’, ‘त्वे पॉन्त’, ‘द्री ऑन्स’ यांत माप बदलत नाही, पण कोथिंबिरीची एक जुडी ‘अन बॉशऽ कोरिआन्दर’ असेल, तर दोन जुड्या ‘त्वे बॉशस कोरिआन्दर’ होतात. हा नियम मी त्यांना शिकवला असे म्हणणे खोटे ठरेल. मी त्यांना एवढेच सांगितले की या ठिकाणी इंग्रजी विसरा आणि रत्नागिरीच्या भाजीवालीशी बोलता तसे बोला. पुढच्या शनिवारपासून ही चूक झाली नाही.

त्याच बैठकीत त्यांनी विचारले की पाव किलोला काय म्हणायचे. डचमध्ये त्यासाठी वेगळा शब्द योजण्याची गरज नाही. ‘अन हाल्फ पॉन्त’, म्हणजे अर्धा पॉन्त, हाच आपला पाव किलो. या उत्तराने त्यांना झालेला आनंद मला आजही आठवतो, कारण मापाचा सगळा हिशेब त्यांना आता मराठीतच करता येणार होता: पाव किलो म्हणजे हाल्फ पॉन्त, अर्धा किलो म्हणजे पॉन्त, शंभर ग्रॅम म्हणजे ऑन्स.

अर्धा, अर्धी, अर्धे

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते ‘अर्धा’ या एका शब्दात आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

डच नामांना ‘द’ किंवा ‘हेत’ यांपैकी एक उपपद लागते. नवशिक्याला हा विभाग निरर्थक वाटतो, कारण ‘कोणते नाम कोणत्या गटात’ हे बहुतेक वेळा पाठच करावे लागते आणि चूक झाली तरी समोरच्याला अर्थ कळतोच. विद्यार्थिनीनेही हाच युक्तिवाद केला. इंग्रजीत दोन्हींना एकच उपपद असल्याने पुलाच्या भाषेतून पाहता हा भेद अदृश्य होता. परंतु बाजारात ‘अर्धा’ हा शब्द प्रत्येक गाड्यावर लागतो, आणि तो नामाच्या गटानुसार बदलतो. किलो हा ‘द’ गटातला, म्हणून ‘अन हाल्व्हऽ किलो’. कलिंगडही ‘द’ गटातले, म्हणून ‘अन हाल्व्हऽ वातरमेलून’. पण पॉन्त, ऑन्स आणि ब्रोत, म्हणजे पाव, ही नामे ‘हेत’ गटातली असल्याने त्यांच्यापूर्वी नुसते ‘हाल्फ’ येते: ‘अन हाल्फ पॉन्त’, ‘अन हाल्फ ब्रोत’.

मी त्यांना वहीत तीन मराठी शब्द लिहायला सांगितले: अर्धा किलो, अर्धी भाकरी, अर्धे कलिंगड. मग विचारले की ‘अर्धा भाकरी’ असे कोणी म्हटले तर अर्थ कळेल का. अर्थातच कळेल, पण ते मराठी वाटणार नाही. त्या क्षणी ‘द’ आणि ‘हेत’ हा भेद त्यांच्यासाठी व्याकरणाच्या पुस्तकातून उठून कानात आला. मराठीची तीन लिंगे आणि डचचे दोन गट यांच्यात नामागणिक जुळणी नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. सफरचंद मराठीत नपुंसकलिंगी, डचमध्ये ‘द आपल’. पाव मराठीत पुल्लिंगी, डचमध्ये ‘हेत ब्रोत’. अंडे मात्र योगायोगाने मराठीतही नपुंसकलिंगी आणि डचमध्येही ‘हेत एइ’. म्हणजे मराठीकडून गट उसना घेता येत नाही. पण नाम बदलले की शेजारचे विशेषण बदलते, ही जाणीव मराठी माणसाकडे जन्मापासून असते.

‘दीड’ या शब्दाने त्यांना आणखी जवळीक वाटली. इंग्रजीत दीडसाठी एक सुटसुटीत शब्द नाही. डचमध्ये ‘आन्दरहाल्फ’ आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘दुसरा अर्धा’ असा आहे, कारण जुन्या डचमध्ये ‘आन्दर’ म्हणजे दुसरा. आपला ‘अडीच’ हा शब्द संस्कृतातील ‘अर्धतृतीय’, म्हणजे तिसरा अर्धा, यावरून आला आहे. दोन्ही भाषांनी मोजण्याची तीच वाट धरलेली दिसते: दोन पूर्ण झाले आणि तिसरा अर्धा. डच घड्याळात ‘हाल्फ द्री’ म्हणजे साडेतीन नसून अडीच, हे लक्षात ठेवायलाही त्यांना हाच धागा पुरला. बाजारात ‘आन्दरहाल्व्हऽ किलो’ आणि ‘आन्दरहाल्फ पॉन्त’ ही जोडी त्या म्हणू लागल्या तेव्हा ‘द’ आणि ‘हेत’ गटांचा सराव आपोआप होत गेला.

खाद्यपदार्थांपुरते काही आधारही देता येतात, आणि ते मी दिले. स्वतंत्र नावाने ओळखली जाणारी फळे आणि भाज्या बहुतांशी ‘द’ गटात येतात: द पेर, द बनान, द आउय, द कोमकॉमर, द स्ला. समूहवाचक ‘फ्राउयत’, म्हणजे फळे, मात्र हेत, आणि मांस म्हणजे ‘हेत व्ह्लेस’. लघुत्वदर्शक, म्हणजे लहानपणा किंवा लाड दाखवणारे, रूप आले की नाम निश्चितपणे हेत गटात जाते. म्हणून जुडीचे बॉशऽ, स्ट्रॉबेरीच्या डबीचे बाक्यऽ आणि लाडाने म्हटलेला ऑन्शऽ हे सगळे हेत. सामासिक शब्दात शेवटच्या पदाचे राज्य चालते. बटाटा म्हणजे ‘आर्दापल’, शब्दशः जमिनीतले सफरचंद, म्हणून तो ‘आपल’प्रमाणे द, सफरचंदाचा रस ‘आपलसाप’ मात्र ‘साप’ या शेवटच्या पदामुळे हेत. मराठीत आंबा पुल्लिंगी असूनही आंबापोळी स्त्रीलिंगी होते, त्याच न्यायाने.

ताजा मासा, मासा ताजा

येथपर्यंत मराठीने साथ दिली. ताजेपणाच्या विशेषणापाशी मात्र मराठी आणि इंग्रजी या दोघींनी मिळून एक विचित्र गोंधळ घातला होता, आणि तो सोडवायला सर्वाधिक वेळ लागला.

अन्न ताजे आहे, याला डचमध्ये ‘व्हेर्स’ म्हणतात. नामाच्या आधी आले की ते साधारणपणे ‘व्हेर्सऽ’ होते: द व्हेर्सऽ व्हिस, हेत व्हेर्सऽ ब्रोत, अन व्हेर्सऽ व्हिस, व्हेर्सऽ एइयरन. अपवाद एकच: हेत गटातील एकवचनी नाम अनिश्चित असेल, म्हणजे त्यापूर्वी ‘अन’ (एक) असेल किंवा उपपदच नसेल, तर ऽ लागत नाही, म्हणून ‘अन व्हेर्स ब्रोत’ आणि ‘व्हेर्स फ्राउयत’. आणि विशेषण नामानंतर, क्रियापदाच्या पलीकडे आले तर ते कधीच बदलत नाही: ‘द व्हिस इस व्हेर्स’.

विद्यार्थिनी नेमके उलटे बोलत होती. ‘व्हेर्स व्हिस’ असे म्हणून जेथे ऽ हवा तेथे ती तो गाळत होती, आणि ‘द व्हिस इस व्हेर्सऽ’ असे म्हणून जेथे नको तेथे लावत होती. वरवर पाहता हा निव्वळ निष्काळजीपणा वाटेल, परंतु दोन्ही चुकांना स्वतंत्र कारण होते. दुसरी चूक मराठीतून आलेली: आपण ‘ताजा मासा’ म्हणतो तसेच ‘मासा ताजा आहे’ असेही म्हणतो, विशेषण दोन्ही जागी नामाशी जुळते. पहिली चूक काही अंशी इंग्रजीतून आणि काही अंशी मराठी उच्चारातून आलेली होती. इंग्रजीत विशेषण बदलतच नाही. आणि मराठीत शब्दान्तीचा ‘अ’ लिहिला जातो पण बोलला जात नाही, ‘राम’ आपण व्यंजनान्त उच्चारतो, त्यामुळे शेवटचा अस्पष्ट अ ऐकू आला तरी तोंडातून येत नाही. कधी अक्षर पाहून त्या त्याचा ‘ए’ करीत आणि ‘व्हेर्से’ म्हणत.

उपाय मराठीतच सापडला. बोलीत आपण ‘ताजं फळ’ म्हणतो, त्यातील ‘ताजं’च्या शेवटी जो स्वर आहे, तोच डचचा हा शेवटचा ऽ. ‘ताजं, गोडं, व्हेर्सऽ, झूतऽ’ असे चार शब्द ओळीने म्हणायला लावले तेव्हा उच्चार एका मिनिटात बसला. (‘झूत’ म्हणजे गोड, ‘द झूतऽ आर्तबेइयन’ म्हणजे त्या गोड स्ट्रॉबेऱ्या.) एक सावधगिरी मात्र सांगावी लागली: मराठी बोलीत हा स्वर नपुंसकलिंगाची खूण आहे, तर डचमध्ये अनिश्चित नपुंसक नामापुढेच तो गळतो. खुणेचा ध्वनी घ्यायचा, तिचा नियम घ्यायचा नाही.

ताजेपणाच्या शब्दांबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गारव्याचा, हवेचा किंवा अंघोळीनंतरचा टवटवीतपणा डचमध्ये ‘फ्रिस’ या वेगळ्या शब्दाने सांगतात. मासा ‘फ्रिस’ आहे असे म्हणत नाहीत. आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या हेरिंग माशाला ‘हॉलन्त्सऽ नीवऽ’ म्हणतात, म्हणजे हॉलंडचा नवा. हा ‘नवा’ म्हणजे व्हेर्स नव्हे, तर नव्या हंगामाचा. त्यात किमान १६ टक्के चरबी असावी लागते, आणि हेरिंगमधील कृमींमुळे १९६८ पासून तो गोठवणे बंधनकारक आहे. म्हणजे गोठवलेला असूनही तो ‘नवा’च. रत्नागिरीच्या मुलीला नवा तांदूळ आणि ताजा भात यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही, तसेच हेही लागले नाही.

मासळीच्या गाड्यावरच सर्वनामाची अडचण उघड झाली. इंग्रजीच्या सवयीने त्या माशाबद्दलही ‘इस हेत व्हेर्स?’ असे विचारत. मासा ‘द’ गटातला, म्हणून डच माणूस ‘इस हेइ व्हेर्स?’ विचारतो, शब्दशः ‘तो ताजा आहे का?’; पावाबद्दल विचारायचे असेल तेव्हाच ‘हेत’. निर्जीव वस्तूलाही ‘तो’ म्हणणे मराठी माणसाला स्वाभाविक आहे, आणि पूल काढून टाकताच ही चूकही गेली. त्यांनी लहानपणी आईबरोबर जाऊन कल्ले उघडून मासा पारखला होता. ‘कीवन’ म्हणजे कल्ले, हा शब्द कोणत्याही यादीत नव्हता. तो त्यांनी स्वतः विचारून घेतला. त्यांच्या वहीतील अस्सल म्हणावा असा हा पहिला शब्द, कारण त्याची गरज त्यांना होती.

येथे एक सामाजिक भेदही सांभाळावा लागला. आपल्याकडे भाजी निवडून घेणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आणि गृहिणीचे कसब मानले जाते. डच गाड्यांवर बहुधा विक्रेताच माल भरतो, आणि हात लावू नये अशी पाटीही अनेक ठिकाणी असते. म्हणून ‘माख इक झ झेल्फ आउयतझूकन?’, म्हणजे मी स्वतः निवडून घेऊ का, हे वाक्य आम्ही आधीच तयार ठेवले. ‘झूक्त यु झ मार आउयत’ असे उत्तर आले की निवडण्याची परवानगी मिळाली असे समजावे. क्रियापद दोन तुकड्यांत फुटून ‘आउयत’ वाक्याच्या शेवटी जाते, हे या एका वाक्यातून त्या शिकल्या.

कारले आणि चवळीच्या शेंगा

हेगचा मोठा बाजार, हाख्सऽ मार्क्त, सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो, आणि तेथे मराठी शिकाऊ व्यक्तीला एक अनपेक्षित अडचण येते. त्या परिसरात सुरिनाममधून आलेल्या हिंदुस्तानी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. १८७३ मध्ये ‘लाला रुख’ या जहाजातून कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी डच वसाहतीत, सुरिनामला गेली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांचे अनेक वंशज नेदरलँड्सला आले. त्यांच्या गाड्यांवर आपल्या ओळखीच्या भाज्या असतात, पण नावे डच पाठ्यपुस्तकातली नसतात. कारले तेथे ‘सोप्रोपो’, चवळीच्या लांब शेंगा ‘कौसनबांत’, वांगे डचमध्ये ‘ओबर्झीनऽ’ पण सुरिनामी बोलण्यात ‘बुलांझे’, भेंडी ‘ओक्रा’ किंवा ‘ओकर’. विद्यार्थिनी पहिल्या खेपेला तेथे हिंदीत बोलू लागली. सारनामी, म्हणजे सुरिनामी हिंदुस्तानींची भाषा, बोलणाऱ्या वयस्क विक्रेतीने प्रेमाने उत्तर दिले, आणि डचचा सराव त्या दिवशी झाला नाही. पण घरी कारल्याची भाजी झाली. मी त्यात दोष पाहिला नाही. पुढच्या वेळी मात्र त्यांनी ‘अन हाल्फ पॉन्त सोप्रोपो’ मागितली आणि सगळे बोलणे डचमध्ये झाले.

मसाल्यांच्या बरण्यांवर इंडोनेशियाचा ठसा आहे, तोही वसाहतीच्या इतिहासातून आलेला. धने ‘केतुंबार’ या नावाने मिळतात, जिरे ‘जिंतन’ आणि हळद ‘कुन्यित’ या नावानेही. केतुंबार आणि आपली कोथिंबीर ही दोन्ही नावे एकाच जुन्या घराण्यातली, ‘कुस्तुम्बरी’शी नाते सांगणारी. ‘पेपर’ या शब्दाबाबत सावध राहावे लागते: तो मिरीलाही लागतो आणि तिखट मिरचीलाही, ढोबळी मिरची मात्र ‘पाप्रिका’.

वेष्टनांवरील दोन मुदतींचा धडा थोडक्यात आटोपला. ‘ते ख्यब्राउयकन तॉत’ म्हणजे या दिवसापर्यंत वापरा, ही कच्चे मांस-मासळी यांसारख्या नाशवंत मालाची मुदत आणि ती ओलांडू नये. ‘तेन मिन्स्तऽ हाउतबार तॉत’ म्हणजे निदान या दिवसापर्यंत दर्जा टिकेल. त्यानंतर पाहून, हुंगून, चाखून ठरवावे.

विक्रेत्याची वाक्ये

शब्दांची यादी असूनही संभाषण का तुटत होते, या मूळ प्रश्नाचे दुसरे उत्तर ऐकण्यात होते. गिऱ्हाइकाने काय म्हणावे हे ॲपने शिकवले होते, विक्रेता काय म्हणतो हे नव्हे. म्हणून आम्ही क्रम उलटा केला. ‘वी इस अर आन द ब्यर्त?’, कोणाची पाळी आहे. ‘झेख्त यु हेत मार’, सांगा की. ‘आन्दर्स नॉख इत्स?’, आणखी काही. आणि शेवटी गिऱ्हाइकाचे ‘दात वास हेत’, एवढेच. यातील ‘मार’ हा शब्द कोशात ‘पण’ म्हणून सापडतो आणि शिकणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो. येथे त्याचे काम आपल्या ‘सांगा की’, ‘द्या बघू’ यांतील ‘की’ आणि ‘बघू’सारखे, वाक्य मऊ करण्याचे आहे. विक्रेता इंग्रजीवर आलाच तर ‘इक लेर नेदरलान्त्स, माख हेत इन हेत नेदरलान्त्स?’ असे विनंतीवजा वाक्य त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. ज्या ज्या विक्रेत्यासमोर ते त्यांनी उच्चारले, तो हसून डचवर परतला.

बारा शनिवारांनंतरची स्थिती अशी होती. मापे, ‘हाल्फ’ आणि ‘हाल्व्हऽ’, ‘हेइ’ आणि ‘हेत’ या जागा पक्क्या झाल्या होत्या. ‘द व्हिस इस व्हेर्सऽ’ ही चूक घाईत अजून होत होती. मात्र एक छोटा शब्द अखेरपर्यंत वश झाला नाही: ‘अर’. मोजलेल्या वस्तूचे नाव पुन्हा घ्यायचे नसेल तेव्हा डच वाक्यात त्या नावाच्या जागी ‘अर’ ठेवावेच लागते. ‘हूव्हेल विल्त यु अर?’ असे विक्रेता विचारतो, आणि पूर्ण वाक्यातले उत्तर ‘इक विल अर द्री’ असे असते. मराठीत आपण ‘मला तीन हवेत’ म्हणून मोकळे होतो. त्या तीन कसल्या, हे संदर्भ सांगतो. इंग्रजीतही तेथे काही नसते. म्हणजे या एका जागी विद्यार्थिनीच्या दोन्ही भाषा रिकाम्या आहेत, आणि बाजारही मदत करत नाही, कारण ‘द्री, ख्राख’, तीन द्या, एवढ्या दोन शब्दांनी काम भागते आणि ‘अर’ टाळता येतो.

म्हणून तेराव्या शनिवारसाठी आम्ही एक अट ठरवली: उत्तर दोन शब्दांत द्यायचे नाही. त्या दिवशी मी थोड्या अंतरावर उभा होतो. अंड्यांच्या गाड्यावर त्यांना प्रश्न आला, त्या क्षणभर थांबल्या, ओठांशी काही पुटपुटल्या आणि म्हणाल्या, ‘दूत यु अर मार तीन.’ डचमध्ये दहाला ‘तीन’ म्हणतात. विक्रेत्याने दहा अंडी मोजून दिली, आणि त्यांना दहाच हवी होती.